पहिला रकाना

सोमवार, २ सप्टेंबर

घड्याळ सरांनी आज दोन वह्या ठेवायला सांगितल्या. एक नोंदवही, ती ते दर आठवड्याला तपासून सही करणार. दुसरी ही, जी कुणी बघणार नाही.

"तुम्हाला मतं फार आहेत," सर म्हणाले. "ती या दुसऱ्या वहीत ओता. नोंदवहीत फक्त डोळ्यांना दिसलं आणि कानांना ऐकू आलं तेवढंच."

सरांचं खरं नाव प्रशिक्षण महाविद्यालयाच्या पाटीवर आहे. पण त्यांच्या गळ्यात कायम स्टॉपवॉच असतं, म्हणून आमच्या तुकडीत ते घड्याळ सर. त्यांना हे ठाऊक आहे. चालतं त्यांना.

तर प्रकल्प असा: एक मूल निवडायचं, त्याचं एकच वर्तन निवडायचं आणि सहा आठवड्यांत ते बदलून दाखवायचं. शेवटी शाळेत मोठ्या बाईंसमोर, म्हणजे मुख्याध्यापिकांसमोर, आणि सरांसमोर एक पाठ. अहवाल चांगला झाला तर मोठ्या बाई मला कायम करतील, असं त्यांनी स्वतः म्हटलंय. आमच्या घरात पदवी पहिल्यांदा माझ्यामुळे आली. कायम नोकरी अजून कुणामुळेच आलेली नाही. बाबा गोदामात ओझी उचलतात, आईचे सांधे धरल्यापासून ती घरीच असते, ताई लॉन्ड्रीत इस्त्री करते. सगळे माझ्याकडे बघतात, पण तसं बोलून कुणी दाखवत नाही. बोलून दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

मंगळवार, ३ सप्टेंबर

मूल निवडलं. खरं म्हणजे तिनेच स्वतःला निवडून दिलं.

तिसरीच्या माझ्या वर्गात चाळीस मुलं आहेत, त्यात हिला सगळे भिंगरी म्हणतात. हे नाव तिला गेल्या वर्षीच्या बाईंनी दिलं. आठ वर्षांची आहे, दोन घट्ट वेण्या, मोजे कायम घसरलेले. दुसऱ्या रांगेत बसते. म्हणजे बसायची जागा ती आहे. चाळीस मिनिटांच्या तासात ती आज नऊ वेळा उठली. उठायचं, दारापर्यंत जायचं, एक पाय बाहेर ठेवून व्हरांड्यापलीकडे बघायचं, परत यायचं. कुणाशी बोलत नाही, कुणाची खोडी काढत नाही. बसलेली असली की उजवा हात स्कर्टच्या खिशात.

नोंदवहीत तीन रकाने आखलेत. आधी काय घडलं. तिने काय केलं. नंतर काय घडलं. दुसरा आणि तिसरा रकाना भराभर भरतो. "उठली, दाराशी गेली." "मी 'खाली बस' म्हटलं, मुलं हसली." पहिल्या रकान्यात लिहायला काही सापडत नाही. मुलं शांत असतात, मी फळ्यावर गणित लिहीत असते आणि ही उठते. नऊही वेळा मी "काही नाही" लिहिलं.

तिलाच विचारावं असं मनात आलं होतं. सरांनी फोनवर लगेच अडवलं. "'का' विचारलं की मूल कारण तयार करून देतं. शिवाय तुम्ही तिच्याशी बोललात, हेच तिचं बक्षीस. उठली की बाई बोलतात, म्हणून ती उठते. साधं आहे."

खरंच साधं आहे. मला बरं वाटलं.

आमच्या वर्गासमोरच छोटा वर्ग आहे, पाच वर्षांच्या मुलांचा. मध्ये फक्त व्हरांडा. तिकडून दिवसभर गाणी, रडारड, बाकांची आदळआपट आणि कुणाचा तरी खोकला. अशा गोंगाटात शास्त्रीय निरीक्षण करायचं म्हणजे कमाल आहे.

गुरुवार, ५ सप्टेंबर

कायम व्हायच्या फाइलला जुनी प्रमाणपत्रं लागणार म्हणून आज पत्र्याची ट्रंक काढली. माझ्या गुणपत्रिकांखाली ताईचं चौथीचं प्रगतिपुस्तक निघालं. शेरा वाचून मी मोठ्याने हसले: "मुलगी सतत जागा सोडते. अभ्यासात लक्ष नाही. पालकांनी भेटावे." ताईला शाळेची गोडी नव्हतीच. चौथीनंतर तिने सोडलीच.

"काय गं हसतेस?" ताईने विचारलं.

"तू पण भिंगरी होतीस."

"ठेव ते परत," ती म्हणाली आणि माझी उद्याची साडी इस्त्रीला घेतली. दिवसभर लोकांचे कपडे इस्त्री करून घरी पुन्हा माझे.

मला शाळेचे पहिले दिवस आठवत होते. मी फार रडायचे म्हणे. एवढंच लख्ख आठवतं की खिडकीच्या जाळीपलीकडे ताईचा चेहरा यायचा आणि जायचा, आणि तो आला की माझं रडू थांबायचं. बाकी त्या वर्षातलं काहीच आठवत नाही.

सोमवार, ९ सप्टेंबर

शिक्के सुरू. चांदणीचा रबरी शिक्का आणि जांभळी शाई. प्रत्येक मुलाला एक पुठ्ठ्याचं कार्ड. हात बाकावर, नजर फळ्याकडे, जागेवर दहा मिनिटं: एक चांदणी, दिवसाला जास्तीत जास्त दोन. उठलं तर मी बघायचंसुद्धा नाही, जणू ते मूल वर्गात नाहीच. वीस चांदण्या झाल्या की बक्षीस, आणि बक्षीस ज्याचं त्याने निवडायचं.

मुलांनी काय काय मागितलं! एकाला शाळेची घंटा वाजवायची आहे. एकीला माझ्या खुर्चीवर बसून हजेरी घ्यायची आहे. मागच्या बाकावरच्या एकाला "एक दिवस गणित नको" हवंय. त्याला सांगितलं, हे जमलं तर आधी मीच घेईन.

भिंगरीने कार्ड हातात फिरवून बघितलं. मग म्हणाली, "माझ्या बाकावर धाकटीला बसवायचं."

"धाकटी कोण?"

"बहीण. छोट्या वर्गात आहे. एक दिवस बसवायचं. पूर्ण दिवस."

असलं बक्षीस कुणी मागेल असं वाटलं नव्हतं. गोड वाटलं. कार्डावर तसं लिहून दिलं.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

नऊवरून पाचवर आली! सरांना आलेख दाखवला. "उतार चांगला आहे," म्हणाले.

घरी मी सगळं समजावून सांगत होते. हवं ते वर्तन झालं की लगेच बक्षीस, त्याला प्रबलन म्हणतात. नको त्याच्याकडे काणाडोळा केला की ते आपोआप विरत जातं, ते विलोपन. बाबा ऐकत होते. मग म्हणाले, "गोदामात आमच्या मुकादमाला हे कुणी शिकवलं नाही. तो दोन्हीकडे काणाडोळाच करतो."

ताई म्हणाली, "माणसाच्या पोरांना चालतं का हे? का फक्त सर्कशीत?"

मी रागावले. माणसाचं शिकणं मोजता येतं, कुणाच्या लहरीवर किंवा घराण्यावर ते अवलंबून नाही, गरिबाचं मूलही त्याच नियमाने शिकतं. ही केवढी मोठी गोष्ट आहे हे तिला कसं सांगू? मला या विषयाने पहिल्यांदा वाटायला लावलं की आमच्यासारख्यांसाठी दार बंद नाही. बाबांच्या गोळ्यांसाठी मी एक कार्ड केलं. रोजची गोळी घेतली की चांदणी. बाबा गोळी विसरतात, पण शिक्का मागायला विसरत नाहीत.

सोमवार, १६ सप्टेंबर

छोट्या वर्गाचा गोंगाट आता सहन होईना. खोकला तर सारखाच. मावशींना सांगितलं की तास चालू असताना तुमचं दार लावून घेत जा. मावशी म्हणजे छोट्या वर्गाच्या मदतनीस. बाई रजेवर असल्या की तीस मुलं एकट्या सांभाळतात, आणि बाई बहुतेक रजेवरच असतात.

"दार लावलं की आत कोंदतं हो बाई."

"फक्त माझा प्रकल्प संपेपर्यंत."

त्यांनी लावलं. वर्ग एकदम शांत झाला. हे आधीच करायला हवं होतं.

बुधवार, १८ सप्टेंबर

सगळं ओमफस! काल अकरा वेळा, आज चौदा. आता ती नुसती दारात थांबत नाही, व्हरांडा ओलांडून समोरच्या दाराला कान लावते. मी घाबरून सरांना गाठलं. ते चक्क खूश झाले.

"ही उसळी. विझण्याआधी ज्योत मोठी होते तसं. वर्तन विरायच्या आधी एकदा उफाळतं. इथेच शिक्षक कच खातात. तुम्ही खाऊ नका."

मग त्यांनी एक भर सुचवली: उठली की दोन चांदण्या कापायच्या. संध्याकाळपर्यंत भिंगरीच्या कार्डावरच्या आठ चांदण्यांवर मी रेघा मारल्या. ती बघत होती. रडली नाही. फक्त विचारलं, "या परत मिळतील?"

मी उत्तर दिलं नाही. द्यायचं नसतं. माझी बोटं जांभळी झाली आहेत, घासूनही शाई जात नाही.

चौदाही वेळा पहिल्या रकान्यात "काही नाही".

सोमवार, २३ सप्टेंबर

तीन वेळा. फक्त तीन.

पण आज वाईट गेलं. दुसऱ्या तासाला ती "बाई, बाई" म्हणत होती, हळू आवाजात. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले आणि एकच बेरीज दोनदा लिहिली. मागे वर्गभर शांतता आणि तेवढा एक आवाज. मग तो थांबला. सर म्हणतात तसा, आपोआप.

मी चांगलं करते आहे ना? ही वही कुणी वाचणार नाही म्हणून लिहिते. मला तिच्याजवळ जाऊन बसावंसं वाटलं होतं. पण मग तीन आठवड्यांवर पाणी पडलं असतं, आणि तिलाच पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागलं असतं. माझ्यावर कुणी दया केली नाही, म्हणूनच तर आमच्या घरात मी एकटी शिकले.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

शून्य.

दिवसभर हात बाकावर, नजर फळ्याकडे. खिशात हात नाही. सरांनी आलेख बघितला आणि म्हणाले, "छान."

सर कधी छान म्हणत नाहीत. दोन वर्षांत मला हा शब्द तिसऱ्यांदा मिळाला. पहिले दोन कधी मिळाले तेही मला तारखेनिशी आठवतं. घरी चालत आले, बसची वाटसुद्धा बघितली नाही.  

एक नोंद, फक्त इथे: भिंगरी आता गणितं चुकवते. पूर्वी उठ-बस करूनही तिची बेरीज बरोबर यायची. प्रश्न विचारला की फळ्याकडेच बघत राहते. पण ते प्रकल्पाच्या कक्षेत येत नाही.

मंगळवार, १ ऑक्टोबर

शुक्रवारी पाठ. मोठ्या बाई मला व्हरांड्यात भेटून म्हणाल्या, "तुमचा तक्ता इथे भिंतीवर लावू. इतर शिक्षकांनी बघितला पाहिजे." माझ्या नावासकट.

मावशी पाण्याची बादली घेऊन चालल्या होत्या. म्हणाल्या, "बाई, ती धाकटी आता दिवसभर दाराकडेच बघत बसते हो. खात नाही, खेळत नाही."

"रडते का?"

"रडत नाही."

"मग हळूहळू सवय होईल. बसली की एखादी चांदणी द्या तिलाही. शिक्का पाठवू का?"

मावशींनी माझ्याकडे असं काही बघितलं की मी दुसरंच बोलायला लागले. त्यांचं शिक्षण नाही, त्यांना कसं पटणार.

भिंगरीच्या सतरा चांदण्या झाल्या. रोज मधल्या सुट्टीत मोजते.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

धाकटी वाचली.

आज याहून जास्त लिहिता येत नाही.

शनिवार, ५ ऑक्टोबर

लिहिते. डोळ्यांना दिसलं आणि कानांना ऐकू आलं तेवढंच.

पाठ दहाला सुरू झाला. मागच्या बाकावर मोठ्या बाई, शेजारी सर. वीस मिनिटांनी समोरून खोकला ऐकू आला. दोन बंद दारांतून. मलाही ऐकू आला. मग तो थांबला आणि त्याच्या जागी दुसराच आवाज यायला लागला, सायकलचा पंप मारताना येतो तसा. तो मी ऐकला आणि त्याचं काही केलं नाही.

भिंगरीने हात वर केला. उठली नाही. मी शिकवलं होतं तसा कोपर सरळ ठेवून हात वर केला. माझं उदाहरण अर्ध्यावर होतं. मी तिच्याकडे बघून हसले आणि तळहाताने खूण केली: खाली. सर मागून बघत होते म्हणून ती खूण मी जरा ऐटीतच केली.

हात खाली आला. तिने दोन्ही हात बाकावर ठेवले, एकावर एक, आणि फळ्याकडे बघत राहिली. माझ्या मनात आलं, काय मुलगी आहे! तिचे ओठ हलत होते. मला वाटलं, पाढे म्हणते आहे.

त्यानंतर सोळा मिनिटं. हा आकडा सरांच्या घड्याळावरचा.

घंटा झाली आणि ती सुटली. बाकावर कार्ड तसंच राहिलं, एकोणीस चांदण्या. विसावी मला अजून मारायची होती. मी तिच्या मागे गेले ती रागावायला, की पाहुण्यांना नमस्कार न करता कशी पळालीस.

छोट्या वर्गात मावशी जमिनीवर बसल्या होत्या, धाकटीला मांडीवर धरून. तिचे खांदे कानाला लागले होते आणि नखं माझ्या बोटांच्या रंगाची झाली होती. मावशी तिला पाणी पाजायचा प्रयत्न करत होत्या आणि बाकीची मुलं रडत होती. भिंगरीने खिशातून दम्याचा निळा पंप काढला, हलवला, धाकटीच्या तोंडात धरला आणि म्हणाली, "ओढ. मी आले. ओढ." आठ वर्षांची मुलगी. एकदा, दोनदा. थोडा श्वास आला, पुरेसा आला नाही. मग मोठ्या बाईंच्या गाडीतून दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर वाचली नसती. 

मुलींची आई वसतिगृहात स्वयंपाक करते. हातावर पीठ तसंच घेऊन आली. मला म्हणाली, "मीच सांगितलं होतं मोठीला, पंप खिशात ठेव आणि कुणाला सांगू नकोस. आधीच्या शाळेत त्यांनी पंप बघितला आणि म्हणाले, असली जोखमीची पोरगी आम्हाला नको. ती खोकली की नुसतं दाराशी जाऊन बघायचं, खांदे वर गेलेत का. गेले असले तरच जवळ जायचं."

मी तिच्यासाठी खुर्ची पुढे सरकवली.

"तुमच्यावर राग नाही हो बाई," ती म्हणाली. "तुम्ही तिला शिस्त लावलीत. पूर्वी फार उठायची, सगळ्या शाळांत तक्रार होती."

याच्यापेक्षा तिने मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर ताईला सांगितलं. ती ओल्या कपड्यांची चळत सारखी करत होती.

"एकदा तरी विचारायचंस ना तिला," ती म्हणाली.

"विचारायचं नसतं, ताई. तसा नियम आहे."

"हो. मलाही कुणी विचारलं नव्हतं."

कशाबद्दल म्हणाली कोण जाणे. दमली होती. मीही.

सोमवार, ७ ऑक्टोबर

मोठ्या बाईंनी बोलावलं. पाठ उत्तम झाला म्हणाल्या. "मुलीचं आजारपण आईने लपवलं, त्यात तुमची काय चूक? अहवाल आहे तसा द्या. शुक्रवारपर्यंत. तक्ता लागला की तुमची फाइल वर पाठवते."

दोन्ही बहिणी आल्या नाहीत. दुसऱ्या रांगेतली जागा रिकामी होती. आज माझ्या वर्गात कुणीही जागा सोडली नाही.

बुधवार, ९ ऑक्टोबर

खरं लिहिते. अहवाल स्वच्छ अक्षरात उतरवून झालाय. आलेख जांभळ्या शाईत काढलाय, शेवटचे सहा दिवस शून्य. बघायला सुंदर दिसतो. आईने तो हातात घेतला, उलटा धरला, आणि म्हणाली, "हे तू केलंस?" मी हो म्हटलं.

आईला काही सांगितलेलं नाही.

गुरुवार, १० ऑक्टोबर

दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचल्या. नोंदवहीत पहिला रकाना पानामागून पान "काही नाही". आणि या वहीत, जिथे मी फक्त कुरकुर लिहिली: तीन तारखेला खोकला. सोळा तारखेला खोकला, म्हणून दार लावायला सांगितलं. अठरा तारखेला चौदा वेळा. दार लावल्यावर तिला दिसेना, म्हणून ती जवळ जाऊन ऐकायला लागली, आणि आम्ही त्याला उसळी म्हटलं.

माझ्या कानांना ऐकू आलं होतं. मी ते चुकीच्या वहीत लिहिलं.

सरांकडे गेले. त्यांनी दोन्ही वह्या वाचल्या. या वहीला कुणी हात लावणार नाही असं ठरलं होतं, पण मीच दिली. स्टॉपवॉचची दोरी ते बोटाला गुंडाळत होते, सोडत होते.

"सर, हे शास्त्रच खोटं आहे का?"

"शास्त्राला कशाला दोष देता? ते बिचारं रकाना आखून गेलं. 'आधी काय घडलं' हे पहिलं विचारा, असंच ते सांगतं. तुम्ही तो रिकामा सोडलात." मग त्यांनी नोंदवहीतली आपली सही शोधली. "आणि मी सहा आठवडे त्याखाली सही केली. मला उतार आवडला होता."

"मग आता काय लिहू?"

"तुम्ही लिहाल त्याच्यावर मी सही करतो. पण मोठ्या बाईंना ते आवडणार नाही, एवढं समजून लिहा."

म्हातारे दिसले आज. आजवर कधी दिसले नव्हते.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

अहवाल दिला. पहिला रकाना भरून. "समोरच्या वर्गातून खोकला." "समोरचे दार शिक्षिकेच्या सांगण्यावरून बंद." शेवटच्या दिवसासमोर लिहिलं: "बहिणीला दम लागल्याचा आवाज. मुलीने हात वर केला. शिक्षिकेने खाली करवला. वर्तन पूर्णपणे विरले होते." खाली सरांची सही आहे.

मोठ्या बाईंनी उभ्या उभ्या वाचला. रागावल्या नाहीत. चष्मा काढून पुसला. "हा भिंतीवर कसा लावायचा?" म्हणाल्या. आणि मग, "कायमचं आपण पुढच्या वर्षी बघू."

घरी सांगितलं. बाबा म्हणाले, "बरं." आईने ट्रंक उघडून प्रमाणपत्रं पुन्हा जागेवर ठेवली. नंतर बाबांनी आपलं कार्ड पुढे केलं, गोळी घेतली होती म्हणून. मी म्हटलं, बाबा, शिक्का संपला. ते म्हणाले, "असू दे. गोळी घेईन मी तशीच."

सोमवार, १४ ऑक्टोबर

दोघी आल्या.

छोट्या वर्गाचं दार सताड उघडं आहे, खाली विटेचा तुकडा लावलाय. एक पंप मावशींकडे, एक माझ्या टेबलावर. धाकटीला शाळेतून कुणी काढणार नाही, हे मोठ्या बाईंनी लिहून दिलंय. त्यासाठी मी त्यांच्या खोलीबाहेर शनिवारी दीड तास उभी होते.

भिंगरीचा बाक दाराजवळ हलवला. तिच्या शेजारी धाकटीसाठी जागा केली, चांदण्या मोजल्या नाहीत. पण धाकटीला तिचा वर्गच हवा होता, तिथे आता वाळूचा हौद आहे. मग भिंगरी एकटीच बसली. हात एकावर एक. नजर फळ्याकडे.

दहा वाजता समोरून खोकला आला. साधाच. मी बघत होते. तिची मान ताठ झाली, खांदे कानाकडे गेले, पण ती हलली नाही.

मी जवळ जाऊन बसले. म्हटलं, "जा, बघून ये. हवं तेव्हा जा, विचारायचंसुद्धा नाही."

ती म्हणाली, "किती कापाल?"

"काहीच नाही. चांदण्या बंद केल्या आपण."

तिने माझ्या बोटांकडे बघितलं. नखांच्या कडेला अजून शाई आहे. ती उठली नाही.

मग मीच उठले. दारापर्यंत गेले, एक पाय बाहेर ठेवला, व्हरांड्यापलीकडे बघितलं, परत आले. "खांदे खाली आहेत," मी सांगितलं. "वाळूत खेळते आहे." भिंगरीने श्वास सोडला आणि पेन्सिल उचलली. दहा मिनिटांनी पुन्हा गेले. मुलं हसायला लागली. मागच्या बाकावरचा एक हळूच म्हणाला, "बाईच भिंगरी झाल्या." हसू दे. ती उठेपर्यंत मला उठावं लागेल. उद्या उठेल असं वाटत नाही, परवाही नाही. शिकलेलं जायला शिकण्याहून जास्त दिवस लागतात, हे आमच्या पुस्तकात कुठेतरी होतं. मी ते पाठ केलं होतं.

घरी येऊन पाय पसरून बसले. ताईने कोमट पाण्याची बादली आणून ठेवली.

"आज अकरा वेळा जागा सोडली मी," तिला सांगितलं.

ती हसली. मी बादलीत पाय टाकले. मग एकदम ट्रंकेकडे बघितलं, आणि तिच्याकडे. ती खाली बघत माझा उद्याचा पदर दुमडत होती. खिडकीच्या जाळीपलीकडचा तिचा चेहरा आठवला.

"ताई, तू किती वेळा उठायचीस?"

"मी कशाला मोजू?" ती म्हणाली. "बाई मोजायच्या."